शोधाल तेवढेच सापडेल

‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट १४ जून २०२४ रोजी प्रदर्शित झाला आणि त्या सुमारास क्रीडाविषयक संकेतस्थळांवर एकच मथळा थोड्याफार फरकाने सर्वत्र झळकू लागला : ‘कोण आहेत मुरलीकांत पेटकर?’ प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तरही बहुतेक ठिकाणी बरोबर दिलेले होते. सांगली जिल्ह्यातला जन्म, सैन्यातली भरती, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून आलेले अपंगत्व आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे झालेल्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल जलतरणात मिळवलेले सुवर्णपदक, हे सारे त्यात होते. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्णपदक. तपशिलात खोट काढावी असे फार काही नव्हते. खोट होती ती प्रश्नाच्या वेळेत आणि प्रश्नकर्त्यात. हा प्रश्न विचारायला बावन्न वर्षे लागली; आणि तो विचारला तोही पत्रकारितेने नव्हे. चित्रपटाची जाहिरात पाहिलेल्या माणसाने तो आपल्या मोबाइलवर टंकला. पत्रकारितेने त्याची नक्कल उतरवून घेतली आणि तिला मथळ्याचा मान दिला.

पेटकर काही दूरदेशीचे गृहस्थ नव्हेत. अपंगत्व आल्यानंतर त्यांनी टेल्कोत नोकरी केली. ज्या कारखान्याच्या भोंग्यावर पिंपरी-चिंचवडची एक अख्खी पिढी उठली-झोपली, तीच ही टेल्को. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही चार ओळींच्या बातमीपलीकडे फारसे काही लिहिले गेले नाही. कारण साधे आहे. तेव्हा त्यांना कोणी ‘शोधत’ नव्हते.

शोधयंत्रावर पोसलेल्या क्रीडा-संकेतस्थळांविरुद्ध माझी तक्रार नेमकी ही आहे. ती तक्रार शुद्धलेखनाची नाही, मुद्रितशोधनाच्या ढिसाळपणाची नाही, जाहिरातींच्या गर्दीचीही नाही. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या दुरुस्त होऊ शकतात. जे दुरुस्त होऊ शकत नाही ते या व्यवहाराच्या मुळाशी आहे. पत्रकारितेत बातमी आधी असते आणि वाचकाच्या मनातला प्रश्न तिच्यातून जन्माला येतो. शोधावर चालणाऱ्या लेखनात हा क्रम उलटा आहे. प्रश्न आधी असतो, त्याला किती गिऱ्हाईक आहे हे मोजलेले असते आणि मग त्या मापाचा मजकूर शिवला जातो. जे आधीच माहीत आहे त्याच्याविषयीच माणूस शोध घेऊ शकतो. म्हणजे ज्या गोष्टीची वाचकाला गंधवार्ताही नाही ती या व्यवस्थेत कधीच येऊ शकत नाही. आणि नेमकी तीच गोष्ट सांगणे हे बातमीदाराचे काम होते.

हा व्यवहार चालतो कसा, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण साहित्याच्या अभ्यासकांना तो ‘तंत्राचा’ विषय वाटतो आणि म्हणून ते त्याच्याकडे पाठ फिरवतात. संपादकीय विभागात सकाळी पहिली पाहिली जाते ती घडामोड नव्हे. आज लोक कोणते शब्द शोधत आहेत त्यांची यादी. त्या शब्दांवरून मथळा बांधला जातो. तेच शब्द पहिल्या परिच्छेदात, उपमथळ्यात आणि चित्राच्या ओळीत पुन्हा पुन्हा पेरले जातात, कारण यंत्राला विषय ओळखता यावा. उत्तर शक्य तितके खाली ढकलले जाते, कारण वाचक खाली सरकत असताना त्याला जाहिराती दिसतात. अमेरिकेत याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘हफिंग्टन पोस्ट’ने ‘सुपर बोल’ हा अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना किती वाजता सुरू होणार, एवढ्याच प्रश्नावर एक लेख प्रसिद्ध केला. एका आकड्याचे उत्तर, आणि त्यासाठी एक स्वतंत्र पान! त्या लेखाची पुढे जगभर टिंगल झाली आणि जगभर नक्कलही झाली. ‘सामना कधी, कुठे आणि कसा पाहाल?’ हे आज आपल्याकडे प्रत्येक सामन्याच्या आदल्या दिवशी निघणारे पान त्याच वंशातले आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘ब्लीचर रिपोर्ट’ या संकेतस्थळाने ही युक्ती क्रीडालेखनात पूर्ण पद्धतशीर केली. शोधाच्या आकडेवारीवरून आधी मथळा ठरवायचा आणि मग तो कोणाकडून तरी, बहुधा हौशी लेखकाकडून, लिहवून घ्यायचा. ऑक्टोबर २०१२ मध्ये त्याच शहरातल्या ‘एसएफ वीकली’ या साप्ताहिकाने या कार्यपद्धतीची सविस्तर चिरफाड केली. पण त्याच वर्षी ‘टर्नर’ या बड्या प्रसारण कंपनीने ते संकेतस्थळ विकतही घेतले होते. टीका नैतिक होती, यश आर्थिक होते. आणि कोणत्या गोष्टीचे अनुकरण झाले हे सांगायला नको.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. दोष महाजालाचा नाही. १९९३ मध्ये परदेशात राहणाऱ्या काही क्रिकेटवेड्यांनी ‘क्रिकइन्फो’ सुरू केले ते धावफलक एकमेकांना पोहोचवण्यासाठी, विनामोबदला. त्या हौशी मंडळींनी जमवलेली सामन्यांची नोंद ही आज क्रिकेटच्या इतिहासकाराची पहिली पायरी आहे. माध्यम तेच होते. हेतू वेगळा होता. तेथे माणसे सामन्याकडे पाहत होती. येथे माणसे, सामना पाहणाऱ्याच्या बोटांकडे पाहत आहेत.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकू. ते हलके नाही. ‘वाचकाला हवे ते देणे यात वाईट काय?’ असा साधा आक्षेप मी बाजूला ठेवतो. गंभीर आक्षेप असा आहे : तुम्ही ज्या संपादकाच्या निवडीचे गोडवे गाता, तो संपादक कोण होता? तो पुण्या-मुंबईचा, विशिष्ट वर्गातला, विशिष्ट आवडीनिवडींचा माणूस होता. त्याच्या पानावर क्रिकेट होते, टेनिस होते. कामगार वस्तीतल्या मातीच्या मैदानावरची कबड्डी नव्हती. पिंपरी-चिंचवड ही त्याच्या लेखी कारखान्यांची गोष्ट होती, माणसांची नव्हे. पेटकरांविषयी बावन्न वर्षे मौन पाळले ते कोणत्या शोधयंत्राने? शोधयंत्र तर तेव्हा नव्हतेच! मग आज लोकांच्या प्रश्नांना थेट उत्तर मिळत असेल तर ही मक्तेदारी मोडली असे का म्हणू नये?

या आक्षेपातला पहिला भाग खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मराठी वृत्तपत्रांनी या पट्ट्यातील खेळाची उपेक्षा केली. परंतु त्या उपेक्षेला एक नाव होते, एक पत्ता होता. तिच्याविरुद्ध भांडता येत होते आणि माणसे भांडलीही. वि. वि. करमरकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. ‘महाराष्ट्र टाइम्स’मध्ये त्यांनी खेळाला स्वतंत्र पान मिळवून दिले आणि मराठी दैनिकांत क्रीडापान ही संस्थाच रुजवली. कबड्डी, खो-खो, कुस्ती या देशी खेळांना त्यांनी त्या पानावर हक्काची जागा दिली. ती जागा कोणत्याही मागणीच्या आकड्याने मिळालेली नव्हती. एका माणसाने ठरवले की, हे वाचकापर्यंत गेले पाहिजे. तो त्या निर्णयाला जबाबदार राहिला. आणि वाचक घडत गेला. २०२३ मध्ये करमरकर गेले तेव्हा त्यांच्यावर अनेकांनी लिहिले, पण त्यांच्या कामाचा हा गाभा क्वचितच कोणी नोंदवला : मागणी नसताना जागा देणे.

आक्षेपाचा दुसरा भाग मात्र फसवा आहे. शोध म्हणजे लोकांचा आवाज, हे समीकरणच चुकीचे आहे. लोक काय शोधतील हे आधी कोणीतरी ठरवलेले असते. चित्रपटाच्या प्रसिद्धी विभागाने ठरवलेले असते, सामन्याचे प्रक्षेपण हक्क विकत घेणाऱ्याने ठरवलेले असते, कधी खुद्द शोधयंत्राने ठरवलेले असते. १५ जानेवारी २०२३ रोजी खाशाबा जाधवांच्या जयंतीनिमित्त गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र लावले. १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा त्या दिवशी अचानक ‘बातमी’ झाले. यंत्राने चित्र लावले, लोकांनी त्यावर बोट ठेवले, संकेतस्थळांनी त्या बोटासाठी मजकूर लिहिला, यंत्राने तो मजकूर लोकांना दाखवला. या चक्रात एकाही टप्प्यावर कोणी गोळेश्वरला गेले नाही, जाण्याची गरजही पडली नाही. याला लोकशाही म्हणायचे असेल तर आरशासमोर उभे राहून केलेल्या मतदानालाही म्हणता येईल.

आणि समजा, प्रश्न खरोखरच लोकांच्या मनातून आला. तरी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणे हे पत्रकाराचे कर्तव्य आहे काय? ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये पी. व्ही. सिंधूने बॅडमिंटनचे रौप्यपदक जिंकले. त्या दिवसांत तिच्याविषयी सर्वाधिक शोधल्या गेलेल्या गोष्टींत तिची जात होती, हे तेव्हाच उघड झाले आणि त्यावर देशभर चर्चा झाली. हा प्रश्न खरा होता, त्याला गिऱ्हाईक होते, त्याचा आकडा मोठा होता. शोधावर चालणाऱ्या लेखनाच्या तर्कशास्त्रात त्याला नकार देण्याची सोयच नाही. उलट, ज्याने त्यावर पान तयार केले त्याला बक्षीस आहे. खेळाडूची जात, पगार, मालमत्ता, पत्नी किंवा प्रेयसी ही प्रत्येक पदकानंतर निघणारी पाने त्याच बक्षिसाची फळे आहेत. संपादक चुकत असेल, पण तो ‘नाही’ म्हणू शकत होता. ज्या व्यवस्थेला ‘नाही’ म्हणता येत नाही तिला आपण विवेक कोठून देणार?

आता आपल्या परिसरात येऊ, कारण तात्त्विक चर्चेपेक्षा गहुंजेचे मैदान अधिक बोलके आहे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गालगत, मावळ तालुक्यात महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे हे मैदान एप्रिल २०१२ मध्ये सुरू झाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये येथे झालेल्या पहिल्या कसोटीत ऑस्ट्रेलियाने भारताला ३३३ धावांनी हरवले. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला ‘निकृष्ट’ असा शेरा दिला. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडने येथेच भारताला हरवून मालिका जिंकली आणि मायदेशातली बारा वर्षांची अपराजित परंपरा संपवली. त्यामुळे गहुंजेत सामना म्हटला की, ‘आजचा पिच रिपोर्ट’ हे पान डझनावारी निघते. त्यात खेळपट्टी ‘फलंदाजांना साथ देईल, पण फिरकीपटूंनाही मदत मिळेल’ असे भाकीत असते. हे भाकीत जगातल्या कोणत्याही मैदानाला लागू पडते आणि म्हणूनच ते कधी चुकत नाही.

पण खेळपट्टीला पाणी लागते आणि ते पाणी कोठून येते, हा प्रश्न कोणी शोधपेटीत टंकत नाही. हे पवनेचे खोरे आहे. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत त्याच तालुक्यात हे मैदान सुरू झाले. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर गेले. २०१८ मध्ये चेन्नईचे सामने गहुंजेत आले तेव्हा पवनेचे पाणी मैदानाला देण्यास याच न्यायालयाने मनाई केली. एका खेळपट्टीच्या हिरवळीखाली शेतकरी, शहर, न्यायालय आणि क्रिकेट यांचा एवढा इतिहास पडलेला आहे. खरा ‘पिच रिपोर्ट’ तो आहे. तो लिहायला मावळात जावे लागते, न्यायालयाचा आदेश वाचावा लागतो, पाटबंधारे खात्याच्या अधिकाऱ्याला नको ते विचारावे लागते. त्या प्रश्नाला शोधसंख्या नाही. म्हणून त्या प्रश्नाला पानही नाही.

मग ते ‘पिच रिपोर्ट’ वाचत कोण होते? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यापूर्वीची पाने पाहावीत. खेळपट्टीच्या भाकिताच्या शेजारी ‘आजचा संघ असा निवडा’ हे दुसरे पान असायचे. पैसे लावून काल्पनिक संघ निवडणाऱ्याला दिलेला तो सल्ला होता. म्हणजे क्रीडापत्रकारितेच्या नावाखाली जे वाढले त्याचा मोठा भाग खेळावर नव्हताच. तो पैजेवर होता. वाचकाच्या ‘मागणी’चे स्तोत्र गाणाऱ्यांनी या मागणीचे मूळ कोठे होते, हे एकदा तपासावे.

दुसरे उदाहरण कुस्तीचे. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे त्याच तालुक्यातले राक्षेवाडी हे शिवराज राक्षे यांचे गाव. चाकणच्या वाहन कारखान्यांनी या भागातील शेतजमिनी घेतल्या, तरी तालीम अजून मेलेली नाही, याची ही खूण. १४ जानेवारी २०२३ रोजी कोथरूड येथे महेंद्र गायकवाड यांना हरवून राक्षे ‘महाराष्ट्र केसरी’ झाले. त्याआधी माती विभागात महेंद्र गायकवाड आणि सिकंदर शेख यांच्या लढतीत ‘बाहेरची टांग’ या डावाला पंचांनी दिलेल्या गुणांवरून मोठा वाद झाला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये, संघटनेतल्या दुफळीमुळे, एकाच महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा झाल्या. फुलगावला सिकंदर शेख विजयी झाले, धाराशिवला शिवराज राक्षे.

आता कोणी शोधपेटीत ‘महाराष्ट्र केसरी २०२३ विजेता’ असे टंकले तर काय उत्तर द्यावे? त्या एका वर्षात गदा तीन वेळा दिली गेली. प्रश्न एकवचनी आहे आणि वास्तव अनेकवचनी आहे. अशा वेळी ‘तुमचा प्रश्नच चुकीचा मांडला आहे’ हे सांगणे हे पत्रकारितेचे काम. दोन संघटना का झाल्या, मान्यता कोणाची, नोकरी आणि मानधन कोणत्या गदेवर मिळणार, पैलवानाने कोणत्या आखाड्यात उतरावे, हे तिने उलगडून दाखवायचे. शोधावर चालणाऱ्या पानाला हे परवडत नाही. त्याला प्रश्न जसा आला तसा शिरोधार्य असतो. म्हणून ते एक नाव उचलते, त्याच्याखाली ‘जाणून घ्या सविस्तर’ असे लिहिते आणि मोकळे होते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या स्पर्धेत याचा कडेलोट झाला. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्धच्या लढतीत पंचांनी राक्षे यांना चितपट ठरवले. दोन्ही खांदे टेकलेच नाहीत असा दावा करत राक्षे यांनी पंचांना लाथ मारली. त्यांच्यावर आणि अंतिम लढतीत पंचांशी वाद घालणाऱ्या महेंद्र गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. पंचांवर हात किंवा पाय उचलणे याचे समर्थन कोणीही करू नये. पण लाथेच्या चित्रफितीची जेवढी पाने निघाली त्याच्या शतांश पाने तरी ‘चितपट’ म्हणजे काय यावर निघाली काय? खांदे किती काळ टेकलेले असले पाहिजेत, निर्णय एका पंचाचा की तिघांचा, चित्रफीत पाहण्याची मागणी कोणी आणि केव्हा करायची, या प्रश्नांवर एका पैलवानाची उमेदीची तीन वर्षे टांगलेली होती. ते प्रश्न विचारले गेले नाहीत, कारण नियम कोणी शोधत नव्हते. लाथ शोधत होते.

हा लेख साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणून भाषेविषयी बोलल्याखेरीज पुढे जाणे बरे नव्हे. या लेखनाने मराठीचे काय केले, हे पाहायला एकच शब्द पुरे आहे : ‘या’. ‘‘या’ खेळाडूने रचला मोठा विक्रम’, ‘‘या’ कारणामुळे कर्णधार संतापला’. ‘हा’ हे मराठीतले दर्शक सर्वनाम. जे समोर आहे, ज्याचा उल्लेख होऊन गेला आहे, त्याच्याकडे बोट दाखवणे हे त्याचे काम. येथे ते अवतरणचिन्हांत घालून, ज्याचा उल्लेख झालेलाच नाही ते लपवण्यासाठी वापरले जाते. दाखवणाऱ्या शब्दाला लपवायला लावले आहे. व्याकरणाच्या इतिहासात शब्दांचे अर्थ पालटतात, हे आपण शिकवतो. पण एका सर्वनामाचा धर्मच उलटा करण्याचे हे उदाहरण वर्गात जरूर मांडावे. बातमीलेखनाची परंपरा सांगते की, कोणी, काय, कोठे, केव्हा हे पहिल्या वाक्यात आले पाहिजे. येथे नेमके तेच पहिल्या वाक्यातून हद्दपार करण्याचे कौशल्य शिकवले जाते.

दुसरी हानी शब्दसंग्रहाची. कुस्तीच्या मराठीत डावांची नावे हा एक स्वतंत्र कोश आहे : ढाक, कलाजंग, भारंदाज, घिस्सा, एकेरी पट, मोळी, धोबीपछाड. या प्रत्येक शब्दात शरीराची एक हालचाल साठवलेली आहे. तालमीत बसून कुस्ती पाहिलेल्या वार्ताहराच्या बातमीत हे शब्द यायचे आणि त्यांतून न पाहिलेली कुस्ती डोळ्यांसमोर उभी राहायची. शोधसंख्येच्या हिशोबात या शब्दांना किंमत नाही, कारण ते टंकणारे थोडे. म्हणून आजच्या पानावर पैलवान ‘शानदार कामगिरी’ करतो, ‘दमदार विजय’ मिळवतो आणि ‘इतिहास रचतो’. क्रिकेटपटूही तेच करतो, नेमबाजही तेच करतो. सगळे खेळ एकाच विशेषणांच्या घाण्यातून पिळून काढले की, उरतो तो चोथा. बाजार मोठ्या आकड्याचा असल्यामुळे मजकूर आधी इंग्रजीत किंवा हिंदीत तयार होतो आणि मराठीला त्याचा उतारा मिळतो. पैलवान खेडचा, तालीम खेडची, आणि त्याच्याविषयीचे मराठी मात्र परक्या भाषेतून परतलेले, असा हा उलटा प्रवास आहे.

आणि हे लिहिते कोण? आपलेच विद्यार्थी. मराठीत एम.ए. झालेला मुलगा ‘कंटेंट रायटर’ म्हणून लागतो, दिवसाला ठरावीक संख्येने लेख पाडतो, आणि मैदानाचे तोंडही न पाहता सामन्यांवर लिहितो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पोट आहे. पण ‘बातमीदार’ आणि ‘मजकूर पुरवणारा’ यांतला फरक त्याला कोणी शिकवला काय? आपल्या अभ्यासक्रमांत ‘वृत्तलेखन’ आणि ‘माध्यमांसाठी लेखन’ या नावाने जे शिकवले जाते त्यात आता शोधशब्द कसे पेरावेत हेही कौशल्य म्हणून येऊ लागले आहे. बातमी शोधायला कोठे जावे, हे मात्र कोणी शिकवत नाही.

रोजगाराचा युक्तिवादही आता टिकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या प्रतिष्ठित अमेरिकन नियतकालिकाच्या संकेतस्थळावर अस्तित्वातच नसलेल्या लेखकांच्या नावाने, यंत्राने बनवलेल्या छायाचित्रांसह मजकूर छापला जात असल्याचे उघडकीस आले. २०२४ पासून गूगल शोधाच्या वरच्या भागात स्वतःच उत्तर रचून देऊ लागले. संकेतस्थळापर्यंत जाण्याची गरजही उरली नाही. यात आश्चर्य नाही. यंत्राला आवडेल असे लेखन वर्षानुवर्षे केले की, एक दिवस यंत्रच ते करू लागते. जे लेखन ठराविक प्रश्नाचे ठराविक उत्तर होते ते यंत्र अधिक झटपट आणि फुकट देते. त्याला जे देता येत नाही ते एवढेच : जे अजून कोणी लिहिलेले नाही ते. राक्षेवाडीच्या तालमीत पहाटे काय चालते, बंदीच्या तीन वर्षांत पैलवान काय खातो आणि ते कोण पुरवतो, नेहरूनगरच्या ध्यानचंद हॉकी मैदानावर डिसेंबर २०२१ मध्ये राष्ट्रीय स्पर्धा झाली त्यानंतर तेथे आसपासची किती मुले काठी हातात घेऊन येतात, तिसऱ्या पाळीवरून सुटलेला चाकणचा कंत्राटी कामगार कबड्डी खेळतो की खेळणे त्याने सोडून दिले, हे कोणत्याही शोधपेटीत सापडणार नाही. कारण ते तेथे कोणी ठेवलेलेच नाही.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती आधी आपल्याकडेच आहे. पिंपरी-चिंचवडपासून राजगुरुनगरपर्यंतच्या महाविद्यालयांतले मराठी विभाग ‘वृत्तलेखना’चे गुण आज वर्गात बसून केलेल्या लेखनाला देतात. यापुढे ते एका अटीवर द्यावेत : विद्यार्थ्याने अशी एक क्रीडाबातमी आणावी, जी त्या दिवशी कोणत्याही यंत्रात शोधून सापडत नाही. त्यासाठी त्याने मैदानावर जावे, दोन माणसांशी बोलावे, डावाचे नाव विचारून घ्यावे, पंचाचा नियम वाचावा आणि पहिल्याच वाक्यात कोणी, काय, कोठे, केव्हा हे सांगून टाकावे. महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकावर ती बातमी लागली आणि वीस जणांनी वाचली तरी चालेल. त्या वीस जणांना दुसऱ्या दिवशी विचारायला एक नवा प्रश्न मिळालेला असेल, आणि तो त्यांना कोणत्याही जाहिरातीने दिलेला नसेल.